फेहीन नोरा ऊनाचा कातळ

१

गावात मला दोनच कामांसाठी विचारतात. कुणाला टोपणनाव ठेवायचं असलं की, नाहीतर उधाणाच्या ओहोटीला हाका मारायच्या असल्या की. विळा घेऊन वाकायचं माझं वय गेलं, आवाज मात्र शाबूत आहे. फादर म्हणतात, देवानं गाढवाला द्यायचा घसा चुकून मॅकडाराला दिला. मी म्हणतो, फादर, मग तुमचं प्रवचन ऐकून गाढवं का निघून जातात?

हाका मारायचं काम असं. मोठी ओहोटी लागली की लांबचे कातळ उघडे पडतात आणि आमची तरणी माणसं तिथं खतासाठी विकलं जाणारं काळं शेवाळ कापायला जातात. कापणारा वाकलेला असतो, त्याची पाठ समुद्राकडे. पाणी वळलेलं त्याला दिसत नाही. आणि पाणी लबाड. आधी मागच्या खाचेत शिरून परतीची वाट बंद करतं, मग पुढून येतं, पाहुण्यासारखं. म्हणून एक जण टेकाडावर उभा राहतो आणि पाणी वळलं की एकेकाला नावानं हाक मारतो. नावानंच मारायची. नुसतं ‘ए’ म्हटलं तर ज्याला त्याला वाटतं, शेजाऱ्याला म्हणतोय. हाक आली की हातातलं टाकायचं, ‘आलो’ म्हणून ओरडायचं आणि आवाजाच्या दिशेनं निघायचं.

त्या जूनमध्ये लासरीना आली. डब्लिनच्या कुठल्याशा कार्यालयातून, जागांची नावं गोळा करायला. आमचीच आयरिश भाषा, पण ती इतकी स्वच्छ बोलायची की ऐकताना आपण आंघोळ केलेली नाही असं वाटायचं.

“मॅकडारा, किनाऱ्यावरची सगळी नावं तुम्हाला येतात म्हणे?”

“येतात. खरी हवीत की चांगली?”

“खरी.”

“मग घर चुकलीस, पोरी. पण बस. चहा घे.”

दुसऱ्या दिवशी तिला ओहोटीला घेऊन गेलो आणि पूर्वेकडून सुरुवात केली. टाइगचा कातळ. बार्टलीचा सुळका. दोघा कोलमांची खाच.

“ही माणसं कोण?” तिनं विचारलं.

“बुडालेली,” मी म्हटलं.

आमच्याकडे कातळाला माणसाचं नाव एकाच रीतीनं मिळतं. समुद्रानं त्याला तिथं ठेवून घेतलं की. जिवंत माणसाचं नाव शेताला देतील, विहिरीला देतील. मी तर कुत्र्याला फादरचं नाव दिलंय. पण कातळाला नाही.

२

लासरीना प्रत्येक नावाशी थांबायची. टाइग कोण, कुणाचा, कसा गेला. मी सांगायचो. टाइग माझ्या आजोबांचा चुलतभाऊ, नवे बूट काढायला तयार नव्हता म्हणून गेला. बार्टली बायकोशी भांडून शेवाळाला गेला आणि भांडण जिंकला, कारण ती पुन्हा काही बोलू शकली नाही. एकेका बुडालेल्याची अशी हकिगत आमच्या लहान पोरांनाही पाठ असते.

मग सगळ्यात बाहेरचा कातळ आला. काळा, सपाट, फक्त मोठ्या ओहोटीला दिसणारा. सगळ्यात जाड शेवाळ तिथं.

“फेहीन नोरा ऊनाचा कातळ,” मी म्हटलं.

“हा फेहीन कोण?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. लहानपणापासून ते नाव घेत होतो. हा कोण, हे कधी कुणाला विचारलं नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

तिला काही वाटलं नाही. ती तिच्या विद्येत रमली होती. आमच्याकडे आडनाव सगळ्यांचं एकच, म्हणून माणूस ओळखायचा तो बापाच्या आणि आजोबाच्या नावानं. बाप नसला तर आईच्या. म्हणजे ऊनाची पोर नोरा आणि नोराचा पोर फेहीन. “बाप आधीच गेला असणार,” ती म्हणाली. “आणि माणूस खूप जुना. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाच्या आधीच्या नकाशातही हे नाव आहे.” मग तिनं ते नाव आमच्या रीतीनं, कातळाला ‘लॅक’ म्हणत आणि फेहीनमधला ‘फ’ गिळून म्हणून पाहिलं. “लॅक एहीन नोरा ऊना. गंमत बघा मॅकडारा, कातळाला नाव लागलं की पहिलं अक्षर मऊ पडतं. आणि माणसाला हाक मारतानाही तसंच. ‘अ एहीन!’ नाव दोन्हीकडे एकाच रूपात.”

“म्हणजे सकाळपासून तू बुडालेल्यांना हाका मारतेयस,” मी म्हटलं. “एखादा आला वर चहाला, तर त्याचा कप तू विसळायचास.”

ती हसली. मीही हसलो.

३

आता आमच्या फेहीनबद्दल सांगतो. आमचा म्हणजे शेजारचा. त्याचा बाप मोठा पॅट्रिक इंग्लंडला कामाला गेला आणि तिकडेच विरघळला. पत्र नाही, निरोप नाही. पोराला वल्ही मारायला मी शिकवलं, दाढी करायलाही मी, आणि पहिल्यांदा दारू पाजली तीही मीच, म्हणून त्याची आई नोरा वर्षभर माझ्याशी बोलली नव्हती. ऑक्टोबरात त्याचं मुइरिनशी लग्न ठरलं होतं. पोरगी तिखट. मला म्हणाली, “लग्नात तुम्ही तोंड उघडलंत तर केक कोंबीन.” तेव्हापासून मला ती आवडते.

फेहीनला गाव ‘पॅट्रिकचा फेहीन’ म्हणायचं. पण बाप परतायचा नाही हे कळल्यावर बायकांनी ते नाव हळूच सोडून दिलं. नोराच्या घरासमोर पॅट्रिकचं नाव कशाला काढायचं? ‘नोराचा फेहीन’ झालं. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, उलट मायाच होती.

जुलैत एके दुपारी आम्ही पबमध्ये बसलो होतो. शेवाळ न्यायला नवा ट्रकवाला आला होता, तिकडच्या बेटांवरचा. दारातून आत डोकावून म्हणाला, “कोणत्या फेहीनचा माल आधी चढवू? इथं दोन आहेत म्हणे.”

“नोराच्या,” कुणीतरी म्हणालं.

“नोराही दोन आहेत.”

“बेटावरून लग्न होऊन आली ती.”

“अच्छा, आमच्या ऊनाची पोर!” ट्रकवाला खूश झाला. “मग तसं सांगा की. फेहीन नोरा ऊना!”

माझा पेला ओठाशीच थांबला. मी भोवती पाहिलं. कुणी पत्ते पिसत होतं, कुणी पैज लावत होतं. फेहीन स्वतः “आलो रे” म्हणत मिशीवरचा फेस पुसत बाहेर गेला.

मी स्वतःची समजूत घातली. गावात नावं मोजकी. चर्चमधली मिस्सा सुटल्यावर दगड मारला तर तीन नोरांना लागेल. पत्ते पिसत राहिलं की तीच पानं कधीतरी त्याच क्रमानं येणारच, त्यात काय? बिअर मात्र संपवली नाही. हे माझ्या हयातीत पहिल्यांदाच झालं. पबवाल्यानं विचारलं, “बिअर नासली का?”

४

पुढच्या उधाणाला मी टेकाडावर होतो. ऊन होतं, वारा पडलेला. पाणी अजून वळलं नव्हतं, मी पाइप पेटवत होतो, आणि फेहीन खालून वर येताना दिसला. मांड्यांपर्यंत भिजलेला, चिडलेला.

“म्हाताऱ्या, पुरे झाली चेष्टा.”

“कसली चेष्टा?”

“एवढ्या लवकर हाक मारलीस. आणि तीही बाहेरून! होडी कुठं लपवलीस?”

“पोरा, मी अजून तोंड उघडलेलं नाही.”

“तर! अख्ख्या नावानं ओरडत होतास. फेहीन नोरा ऊना, फेहीन नोरा ऊना. मी आपला ‘आलो’ म्हणून आवाजाच्या दिशेनं निघालो. पाणी पार इथवर आलं तेव्हा कळलं, मी उलटा चाललोय.” त्यानं मांडीवर हात आपटला. “पोहता येत नाही मला, माहितेय ना तुला?”

माहीत होतं. आमच्याकडे कुणालाच येत नाही.

मी शपथ घेतली. पण आयुष्यभर खोट्या शपथा घेऊन लोकांना हसवलेल्या माणसाची शपथ ती. तो म्हणाला, “आईची शपथ घे.” घेतली. तो म्हणाला, “ती तर कधीच वर गेली, तिला काय फरक पडतो?” हे उत्तर त्याला मीच शिकवलं होतं.

“त्या कातळावर जाऊ नकोस,” मी म्हटलं.

“मग काय खाऊ? यंदा कातळांच्या वाटणीच्या चिठ्ठीत आमच्या घराला तोच आलाय. दुसऱ्याच्या वाट्यात विळा घातला तर हाणतील. आणि तिथलं शेवाळ बघितलंस का? लग्नाचा सगळा खर्च निघेल.”

तो गेल्यावर मी खाली उतरलो. पाणी यायला थोडा अवकाश होता. कातळ फेहीननं निम्मा कापला होता. उरलेल्यावर शेवाळ, त्याखाली शिंपले, इंचभर जागा मोकळी नाही. फक्त समुद्राकडच्या कडेला एक खळगा होता. तिथं शेवाळ नाही, शिंपला नाही, काहीच नाही. पबच्या दारातल्या बाकासारखा गुळगुळीत. मी हात लावून पाहिला. समुद्राचं पाणी आमच्याकडे ऑगस्टातही हाडं गोठवतं, पण तो दगड गार नव्हता. नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखा होता.

उन्हामुळे असेल, मी स्वतःला म्हटलं. आणि या वयात धावता येतं तितका धावत वर आलो.

५

माझ्या हातात विद्या एकच. ज्याला मी टोपणनाव ठेवलं, त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नाही. म्हटलं, नावच काढून घेऊ पोराचं. कोण बोलावतोय तो बोलावू दे, ओ द्यायला त्या नावाचं गावात कुणी उरायलाच नको.

फेहीननं लग्नासाठी दाढी राखायला घेतली होती. ती गालांवर येत नव्हती, नुसती हनुवटीला लोंबत होती. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या फाटकाशी मी मोठ्यानं म्हटलं, “मुइरिन, काल संध्याकाळी तुझा नवरा कुंपणात अडकून बें बें करत होता. मी सोडवलं, पण त्यानं माझी टोपी खाल्ली.”

हशा झाला. कुणीतरी म्हणालं, “बोकड्या!” संपलं. आठवडाभरात पोस्टमन बोकड्या म्हणायला लागला, पबवाला म्हणायला लागला. मुइरिन आधी माझ्या अंगावर धावून आली, मग स्वतःच लाडानं म्हणायला लागली. एकदा तर नोरानंच दारातून हाक मारली, “बोकड्या, जेवायला ये!” आणि तोंडावर हात ठेवला.

फेहीन वैतागला. “लग्न लावताना फादरसुद्धा म्हणतील, बोकड्या, तुला ही पत्करते का?”

“म्हणू दे. तू फक्त ‘हो’ म्हण, बें करू नकोस.”

ऑगस्टची उधाणं गेली. मी टेकाडावरून हाक मारायचो, “बोकड्या!” तो ‘आलो’ म्हणून निमूट वर यायचा. मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, दुसरं काही ऐकू आलं का? तो म्हणायचा, “हो, तुझ्या गुडघ्यांची करकर.” बाहेरून कुणी बोलावत नव्हतं. मी इतका खूश होतो की फादरच्या नावाच्या कुत्र्याला अख्खी मासळी खायला घातली.

६

सप्टेंबरात लासरीना परत आली. गोळा केलेली नावं आणखी कुणाकडून तरी पडताळून घ्यायची होती. मी म्हटलं, माझी मोठी बहीण आहे, बेबीन. शेगडीपाशी बसून असते, आणि ठार बहिरी आहे. पबमध्ये कोण काय म्हणालं, कुणाला काय टोपणनाव पडलं, यातलं कित्येक वर्षांत तिच्या कानावर काही गेलेलं नाही. लासरीना म्हणाली, उत्तमच.

तिनं किनाऱ्याचा मोठा फोटो आणला होता, ओहोटीच्या वेळचा. बेबीनच्या मांडीवर ठेवून तिनं बोटानं खूण केली. बेबीनला कळलं. बहिरी माणसं बोलतात तशी ती ठणाणा बोलायला लागली, बोट पूर्वेकडून सरकवत. “टाइगचा कातळ! बूट न काढणारा! बार्टलीचा सुळका! दोघा कोलमांची खाच!”

बोट सगळ्यात बाहेरच्या काळ्या ठिपक्यावर आलं.

“बोकड्याचा कातळ!”

मी मोठ्यानं हसलो. वाटलं, कुणीतरी हिला कागदावर लिहून दाखवलं. माझ्यावरच डाव उलटवला कुणीतरी, शाबास.

लासरीनानं खांदे उडवून विचारलं, हा कोण? बेबीननं मान हलवली. “कुणाला ठाऊक! आमच्या आजीलाही ठाऊक नव्हता. गरीब बिचारा! आजी म्हणायची, आपल्या किनाऱ्यावर या एकाच माणसाचा पत्ता नाही.”

“हिला कुणी शिकवलं?” मी लासरीनाला म्हटलं. “जूनमध्ये मी तुला काय नाव सांगितलं होतं, ते हिला लिहून दाखव बघू.”

लासरीनानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. “हेच सांगितलं होतंत. बोकड्याचा कातळ. मी विचारलं कोण, तर तुम्ही म्हणालात, माहीत नाही, पण बुडाला तेव्हा शिंगं आधी दिसेनाशी झाली असणार.”

असा विनोद मी करू शकतो. अगदी माझाच आहे तो. पण केला नव्हता.

की केला होता? मी रात्रभर पडून विचार केला. लहानपणापासून कातळाचं नाव तेच असेल, डोक्यात तेच मुरलेलं असेल, आणि फेहीनला टोपणनाव ठेवताना तेच जिभेवर आलं असेल. म्हाताऱ्या डोक्याची उलटापालट. सरळ हिशोब आहे. फक्त त्या हिशोबात एवढंच बसत नव्हतं की जुलैमध्ये मी बिअर अर्धी का टाकली.

७

दुसऱ्या दिवशी वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी. दुपारची वेळ, पण धुकं असं की टेकाडावरून स्वतःचे बूट दिसत नव्हते. सकाळीच फेहीनच्या दारात जाऊन मी सगळं सांगितलं होतं. कातळ, नाव, बेबीन. तो पोट धरून हसला. म्हणाला, “ही तुझी आजवरची सगळ्यात चांगली थाप. लग्नात सांग.”

पाणी वळलं. धुक्यात दिसत नाही, पण आवाज बदलतो. आतला श्वास बाहेर पडायला लागावा तसा. मी बाकीच्यांना हाका मारल्या. ‘आलो’, ‘आलो’ करत एकेक जण वर आला. फेहीन तेवढा राहिला.

मी तोंड उघडलं. हाक काय मारू?

फेहीन म्हणू? बोकड्या म्हणू? आणखी नवं काही जोडू? मी जे नाव त्याला देईन ते उद्या बेबीन कातळावर बोट ठेवून सांगेल, आणि तिच्या आजीलाही तेच ठाऊक असेल. आणि काहीच म्हटलं नाही, तर पाणी खाचेत शिरलेलंच आहे.

मी खाली उतरलो. शेवाळावर दोनदा पडलो. खाचेत पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. पलीकडे कातळ धुक्यात काळा दिसायला लागला. फेहीन वाकून कापत होता, पाठ समुद्राकडे, विळ्याचा खर्र खर्र आवाज.

आणि कडेच्या खळग्यात एक जण बसला होता. आरामात, गुडघ्यांवर हात ठेवून.

चेहरा मी पाहिला नाही, त्याचं तोंड समुद्राकडे होतं. अंगावरून पाणी ओघळत होतं, आणि थांबत नव्हतं. त्यानं मान मागे टाकली आणि हाक मारली, “बोकड्या!” आवाज माझा होता. माझ्या खाकरण्यासकट.

“आलो!” फेहीन म्हणाला. विळा टाकून तो सरळ झाला आणि त्याच्याकडे वळला.

माझ्यापाशी एकच नाव उरलं होतं.

“मॅकडारा!” मी ओरडलो. देवानं दिलेला सगळा घसा लावून. “मॅकडारा! मॅकडारा!”

फेहीन गर्रकन वळला आणि मला पाहून खो खो हसला. “अरे म्हाताऱ्या, स्वतःलाच हाका मारतोस? हरवलास की काय?” तो उड्या मारत माझ्याकडे आला. पाणी आम्हा दोघांच्या कमरेला लागलं. त्यानं मला पाठुंगळी घेतलं आणि हसत, शिव्या देत खाच ओलांडली.

मी त्याच्या पाठीवर, तोंड मागे वळवून.

खळग्यातला तो तसाच बसला होता. मग, बाकावर कुणी ओळखीचं यायचं असलं की माणूस करतो ना, तसं त्यानं केलं. जरासा बाजूला सरकला.

८

लग्न छान झालं. फादर ‘बोकड्या’ म्हणाले नाहीत, पण म्हणता म्हणता थांबले आणि सगळं चर्च हसलं. दुपारी हॉलमध्ये फेहीननं सगळ्यांना गोष्ट सांगितली, मॅकडारा धुक्यात स्वतःच्याच नावानं बोंबलत कसा फिरत होता. गावाला नवा विनोद मिळाला. आता जो तो मला गाठून कानाशी ओरडतो, “मॅकडारा!” मी दचकतो. ते आणखी हसतात. मुइरिननं खरंच माझ्या तोंडात केक कोंबला. पोराच्या कमरेभोवती तिचा हात बघून मला वाटलं, मी कधी केली नसेल अशी चेष्टा केली मी, आणि ती कुणाला कळलीसुद्धा नाही.

लासरीनालाही बोलावलं होतं. वाद्यं जोरात वाजत होती. गर्दीतून ती वाट काढत माझ्याकडे आली, तो फोटो घेऊन. चेहरा गोंधळलेला.

“मॅकडारा, बरं झालं भेटलात. मघाशी बेबीनबरोबर पुन्हा एकदा सगळी नावं बघत होते. एका कातळाचं मला कळत नाहीये. तो बाहेरचा, त्याला ती म्हणाली...”

मी फोटो तिच्या हातातून काढून टेबलावर पालथा टाकला, तिचा हात धरला आणि तिला नाचात ओढलं. ती हसत म्हणाली, “अहो, ऐका तरी!” मी तिला गरकन फिरवलं. पुन्हा फिरवलं. माझे गुडघे ओरडत होते. ती बोलायला तोंड उघडायची, मी फिरवायचो. मग गाणं उतरणीला लागलं, फिडलवाल्यानं हात सैल सोडला, आणि तिचे ओठ पुन्हा उघडले.

“वाजवत राहा रे!” मी फिडलवाल्याकडे बघून ओरडलो. “थांबू नका! अजून एक!”